कुंकवाचा काही दोष नव्हता

५ ऑक्टोबर, रविवार. काम: ओढणीतला टोनर काढणे.

फोटोकॉपी मशीनमधली ती काळी पूड कपड्यावर सांडली, तर कपडा आधी कोरडाच झटकायचा, मग थंड पाण्यात बुडवायचा. गरम पाणी अजिबात नाही. ही पूड उष्णतेने वितळून कागदाला चिकटावी म्हणूनच बनवलेली असते. गरम पाण्यात घातली की कापडालाही तशीच जन्मभर चिकटते. मी चेन्नईत, वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत नाकाला रुमाल बांधून ओढणी झटकत होते आणि सासूबाई आतल्या खुर्चीतून बघत होत्या. त्या तंजावरकडच्या. त्यांची मराठी आमच्या मिरजेच्या मराठीपेक्षा कितीतरी जुनी, आणि मध्ये मध्ये तमिळ.

"अय्यो, असकं काळं करून आलीस की!"

असकं म्हणजे सगळं. हा शब्द मी लग्नाआधी ऐकलाही नव्हता.

"ऑफिसचं आहे," मी म्हणाले.

"ऑफिसांत काय चूल फुंकायला बसवतात तुला?"

उत्तर द्यायला वेळ लागला असता, म्हणून दिलं नाही. इथे देते. कारण त्या रविवारी माझ्यासमोर प्रश्न एकच होता: सोमवारी सकाळी ग्राहकाचा इंजिनिअर येणार, त्याच्या हातात द्यायच्या रिपोर्टवर मी सही करायची की नाही. सही केली तर माझ्या हॉलमधली एक बाई कामावरून जाणार होती, आणि तीही तिने न केलेल्या चुकीसाठी.

मी एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये आहे. पेरुंगुडीत, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींच्या मागे आमची पत्र्याची उंच शेड आहे. विजेचं सामान लोक आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही त्याला मुद्दाम विजेचे तडाखे देऊन बघतो. हाय व्होल्टेजचा हॉल माझ्याकडे. रिपोर्टवर माझी सही लागते.

त्या आठवड्यात एका कंपनीच्या तीन प्लेट आल्या होत्या. रेझिनच्या, सायीच्या रंगाच्या, जेवायच्या ताटाएवढ्या. मोठ्या स्विचबोर्डात तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये अशी प्लेट उभी करतात, एकीकडची वीज दुसरीकडे जाऊ नये म्हणून. वीज प्लेटच्या आरपार जात नाही. पण तिला आणखी एक वाट असते. प्लेटच्या अंगावरून सरपटत कडेपर्यंत जायचं आणि पलीकडे उतरायचं. आमच्या भाषेत फ्लॅशओव्हर. तसं झालं की प्लेट नापास. प्लेट स्टँडवर आडवी ठेवायची, मधोमध पितळेचा दांडा टेकवायचा आणि दांड्याला शॉट द्यायचे. शॉट म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन गेलेला तडाखा. आवाज फरशीवर नारळ आपटल्यासारखा. आधी पॉझिटिव्ह शॉट, मग निगेटिव्ह. दोन्ही सोसले की पास.

आता मुद्द्याची गोष्ट. शॉटनंतर प्लेटवर काहीतरी उरतं. ठिणग्या कडेपर्यंत पोचल्या नाहीत, तरी जिथवर गेल्या तिथवर त्या आपला विद्युतभार, म्हणजे चार्ज, सांडून येतात. धातूवरचा चार्ज अर्थिंगची काठी लावली की जमिनीत जातो. रेझिनवरचा जात नाही. रेझिन वीज वाहू देत नाही, म्हणून तर ते वापरायचं. काठी जिथे टेकवाल तेवढा ठिपका साफ होतो, बाकीचा चार्ज जागच्या जागी. मग पुढचा शॉट त्याच जातीचा असला तर हा उरलेला चार्ज त्याला मागे रेटतो. ठिणगी आखूड राहते आणि प्लेट आहे त्याहून चांगली दिसते. शॉट उलट जातीचा असला तर उरलेला चार्ज त्याला आणखी चेव आणतो. ठिणगी लांब पळते आणि चांगली प्लेट नापास होते. म्हणून पॉझिटिव्ह संपवून निगेटिव्हकडे वळताना प्लेट स्पिरिटमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसायची आणि ती वाळेपर्यंत थांबायचं. हा माझ्या हॉलचा नियम आहे. ग्राहकाने पाठवलेल्या पद्धतीत तो नव्हता, म्हणून आमच्या संचालकांना, म्हणजे सरांना, तो माझा सोवळेपणा वाटत होता.

उरलेल्या चार्जवरून माणसांबद्दल, जुन्या भांडणांबद्दल काहीतरी खोल बोलता येईल. मला ती हौस नाही. प्लेट पुसली नव्हती. गोष्ट एवढीच आहे.

मंगळवारी आयुधपूजा होती. म्हणजे खरी बुधवारी, पण बुधवार-गुरुवार सुट्टी, म्हणून लॅबची पूजा आदल्या दिवशी. सकाळी आम्ही तिन्ही प्लेटचे पॉझिटिव्ह शॉट उरकले. तिन्ही ठीक. मी कापड भिजवायला घेतलं तेव्हा सर दारातून म्हणाले, "मॅडम, ते शुक्रवारी. आता मशीन बंद करा, तीनला पूजा आहे." पूजेनंतर हत्यारांना हात लावायचा नाही, मशीन चालवायचं नाही, हा इथला रिवाज. तो मोडायला माझी हरकत नसते, पण इतरांची असते. मी प्लेट ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या कपाटात ठेवल्या आणि सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, "शुक्रवारी मी रजेवर आहे. निगेटिव्हच्या आधी पुसा."

पूजा आमची टेक्निशियन करते. चाळिशीची बाई. डिप्लोमा केलेली, एजन्सीमार्फत आलेली. हॉलमध्ये अर्थिंगची काठी हातात घेणारी ती पहिली बाई, मी सोडून. मला ती फार आवडते असं नाही. काम करताना गुणगुणते आणि डब्यातलं लोणचं आग्रहाने वाढते. पण काठी लावल्याशिवाय तिने कधी कुठल्या दांड्याला हात लावलेला मी पाहिलेला नाही, आणि या धंद्यात माणसाबद्दल मला तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

त्या दिवशी तिने चंदन आणि कुंकवाची वाटी घेऊन हॉलभर फेरी मारली. कंट्रोल डेस्क, कपॅसिटरचा मनोरा, व्होल्टमीटर, पाने, आग विझवायचं नळकांडं, प्लेट ठेवायचा लाकडी स्टँड, माझी खुर्ची. प्रत्येकाला चंदनाचं बोट आणि त्यावर कुंकू. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अक्का, कपाळ पुढे करा."

"मी आयुध आहे का?"

"नाही, तुम्ही मशीन आहात. अजून वॉरंटीत आहात का तेवढं सांगा."

सगळे हसले. मी कपाळ पुढे केलं. फाटकापाशी कोहळा फोडला, चुरमुरे, गूळ आणि डाळं वाटलं, आणि हॉलला कुलूप लागलं.

शुक्रवारी सासूबाईंना डोळे तपासायला नेलं होतं. त्यांच्या डोळ्यात औषध घालून आम्ही बाकावर बसलो होतो तेव्हा टेक्निशियनचा फोन आला. रडत नव्हती. आवाज मात्र सपाट होता, गुणगुणणाऱ्या माणसाचा असतो तसा नव्हता.

"अक्का, पहिली प्लेट गेली. पहिल्याच निगेटिव्हला. परत दिला, परत गेली."

"पुसली होतीस?"

"सर म्हणाले, मधे दोन दिवस गेले, आता कसला चार्ज. वेळ नाही, घ्या शॉट. मग प्लेट गेली तेव्हा त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. स्टँडवर माझं कुंकू होतं. म्हणाले, याच्यामुळेच. ग्राहकाच्या प्लेटला कुंकू लागलं. एजन्सीला फोन केलाय. सोमवारपासून येऊ नको म्हणाले."

"प्लेटवर कुंकू होतं का?"

"आधी मला वाटलं, नव्हतं. आता इतके जण विचारतायत की मलाच कळेना झालंय."

याचा मला राग आला. तिची नोकरी जाईल म्हणून कमी, आणि तिला स्वतःच्या हातांची खात्री उरली नाही म्हणून जास्त. एजन्सीच्या शेऱ्यात 'ग्राहकाचा नमुना हाताळण्यात हयगय' असं एकदा पडलं की या शहरातल्या कुठल्याही हॉलमध्ये तिला परत कोणी काठी हातात देणार नाही. लॅबा मोजक्या आहेत आणि सगळे एकमेकांना ओळखतात.

"उद्या सकाळी ये," मी म्हणाले. "तो सोमवार नाही, शनिवार आहे."

शनिवारी सरांना येऊन परवानगी मागितली असती तर ते नाही म्हणाले असते, आणि मग मला त्यांचा हुकूम मोडावा लागला असता. न विचारता केलं की तो नुसता उद्धटपणा होतो. उद्धटपणाबद्दल माझी आधीपासूनच ख्याती आहे.

दोन प्लेट शिल्लक होत्या. मंगळवारी पॉझिटिव्ह शॉट खाल्लेल्या, तेव्हापासून कपाटात, कोणी न पुसलेल्या. चेन्नईच्या ओल्या हवेत उघड्यावर ठेवल्या असत्या तर त्यांच्यावरचा चार्ज कधीच ओसरला असता. पण आम्ही त्या कोरड्या कपाटात जपून ठेवल्या होत्या. सरांच्या हे लक्षात आलं नव्हतं. आपण चार्जसाठी लोणच्याची बरणी तयार केली होती.

ऑफिसातलं जुनं फोटोकॉपी मशीन बंद पडून जिन्याखाली पडलेलं आहे. त्यातली टोनरची नळी काढली. दोन नंबरची प्लेट कडेला धरून बाहेरच्या टेबलावर ठेवली, टोनर माझ्या ओढणीच्या टोकात बांधला आणि पिठीसाखर भुरभुरावी तशी ओढणी वरून हलक्या हाताने झटकली. मग प्लेट तिरकी करून फुंकर मारली.

सुटी पूड उडून गेली. राहिली ती एक झाड होऊन राहिली. जिथे दांडा टेकला होता तिथून निघून, फांद्यांना फांद्या फुटत, कडेच्या अलीकडे बोटभर थांबलेलं काळं झाड. पॉझिटिव्ह ठिणग्यांचा ठसा असाच फाटे फुटलेला असतो, निगेटिव्हचा गोलसर पंख्यासारखा. हे मी शिकताना पाहिलं होतं, नंतरही पाहिलं आहे, आणि तरी दरवेळी मान पुढे जातेच. मी फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला.

टेक्निशियन खाली वाकून बघत राहिली. "हे मंगळवारचं?"

"मंगळवारचं."

"पूजेच्या आधीचं?"

"तुझी वाटी अजून पिशवीत होती तेव्हाचं."

ती सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "एवढं छान कोलम माझ्या दारात कधी आलं नाही."

"रांगोळीच्या पिठाऐवजी विजेने काढायला लाग, येईल," मी म्हणाले. तिला हसू आलं. शुक्रवारनंतर पहिल्यांदा, असं मला वाटतं.

एवढ्यात सर आले. साठीचे, शिकलेले, माणूस वाईट नाही. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात त्यांनी मी न मागता दोन महिने घरून काम करू दिलं होतं. पण ग्राहक म्हटलं की त्यांचा जीव टांगणीला लागतो. तिला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मॅडम, ही इथे कशी?"

"शनिवार आहे, सर. आधी हे बघा."

त्यांनी पाहिलं. चष्मा काढून, परत लावून पाहिलं. "धूळ बसली असेल."

"धुळीला फांद्या फुटत नाहीत."

"अर्थिंग झालं होतं. मी स्वतः पाहिलंय."

"दांड्याचं झालं होतं. प्लेटचं अर्थिंग होत नाही. झालं असतं तर प्लेट म्हणून तिचा उपयोग काय?"

मी स्पिरिटमध्ये कापड भिजवलं. कापड म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या जुन्या वेष्टीचे, म्हणजे इथल्या धोतराचे, तुकडे, धुऊन धुऊन मऊ झालेले. याहून चांगलं सुती कापड दुकानात मिळत नाही. प्लेट पुसली, वाळू दिली आणि पुन्हा टोनर भुरभुरवला. फुंकर मारली. सगळी पूड उडाली. झाड नाही, फांदी नाही, काही नाही. परत पुसून ती स्टँडवर ठेवली.

"आता कुंकू लाव," मी टेक्निशियनला म्हणाले.

"कुठे?"

"प्लेटवर. दांड्याच्या शेजारी."

ती सरांकडे बघायला लागली. सर माझ्याकडे. "मॅडम, तुम्ही काय करताय?"

"तुम्ही म्हणालात कुंकवाने झालं. मग कुंकवाने होऊ दे."

टिळा जरा वाकडा आला. मंगळवारी लावला असता त्याहून मोठा, ठसठशीत. आम्ही स्टँडभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याबाहेर आलो, दार लावलं, लाल दिवा लागला. निगेटिव्ह शॉट. आवाज झाला, ठिणग्या दांड्याभोवती फुलून विझल्या. दुसरा. तिसरा. ठरलेले सगळे शॉट झाले. प्लेट होती तशी, आणि तिच्यावर टिळा होता तसा.

"आता तीन नंबर," मी म्हणाले. "हिला कुंकू नाही. स्टँडही बदलते, तो जुना नको. आणि हिला मी पुसत नाही. ही जाईल."

"जाणार असेल तर कशाला—"

"म्हणूनच, सर."

पहिल्याच शॉटला प्लेटच्या अंगावरून पांढरी रेघ कडेपर्यंत धावली आणि खाली उतरली. नारळाचा नव्हे, पूर्ण फटाक्याचा आवाज. जिन्यावर झोपलेलं मांजर पळालं. कुंकू लावलेली प्लेट टिकली होती, न लावलेली गेली होती. याहून सोपं करून सांगणं मला जमणार नाही.

मला वाटलं, संपलं. पण संपत नाही. सरांनी खुर्ची ओढली, बसले, आणि तिला बाहेर थांबायला सांगितलं.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मी मान्य करतो. पण हे मी ग्राहकाला कसं सांगू? लॅबने प्लेट पुसली नाही? मग तो विचारेल, लॅबला एवढं माहीत नव्हतं? 'हाताळताना मळ लागला' असं लिहिलं की कोणी काही विचारत नाही. नव्या प्लेट येतील, आपण नीट करू. एक ओळ आहे. ती एजन्सीची बाई आहे, ते तिला दुसरीकडे पाठवतील."

"नाही पाठवणार. तुम्हाला माहीत आहे."

"तुम्ही प्रत्येक गोष्ट मनावर घेता."

"मनावर नाही घेत, सर. सही माझी आहे. हात माझा आहे. त्याने मी खोटं लिहिणार नाही, एवढंच."

"मग मी माझी सही करीन."

"करा. आणि ग्राहकाने विचारलं तर मला बोलवा. मी त्याला मंगळवारपासून सांगेन."

त्यांचा चेहरा लाल झाला. मग मी मला खरंच महत्त्वाची वाटत होती ती गोष्ट सांगितली. आज आपण न पुसता चांगल्या प्लेटला नापास म्हणतोय. हीच चूक उलटी करा. एकाच जातीचे शॉट न पुसता देत राहा, आणि वाईट प्लेटही पास होईल. ती कुठल्यातरी स्विचबोर्डात जाऊन बसेल. पाऊस झाला की आमच्या वेलचेरीत तळमजल्यावरचे बोर्ड पाण्यात असतात. तिथे कोणी कुंकवाला दोष देणार नाही. "मळ म्हणून लिहिलंत तर लोक कुंकू पुसायला शिकतील, सर. प्लेट पुसायला शिकणार नाहीत."

"सोमवारी दहाला तो येतोय," सर उठत म्हणाले. "उद्याचा दिवस आहे. विचार करा."

म्हणून रविवारी मी ओढणी झटकत विचार करत होते, असं म्हणायला हवं. खरं सांगायचं तर केला नाही. विचार शनिवारीच झाला होता. रविवारी फक्त डाग काढायचा होता.

दुपारी टेक्निशियन घरी आली. पिशवीत मुरुक्कू, म्हणजे इथल्या चकल्या, आणि चेहऱ्यावर ठरवून आणलेला शहाणपणा. दारातच म्हणाली, "अक्का, सोडून द्या. माझ्यापायी तुमचं कशाला? तुमची पेन्शनची वर्षं आली."

"पेन्शन? मी अजून वॉरंटीत आहे."

ती हसली नाही. "सर तुमच्या हातून सहीचा अधिकार काढून घेतील. मी कुठेतरी शिकवणी घेईन. फिजिक्स येतं मला."

"येतं? मग सांग, शुक्रवारची प्लेट का गेली?"

"चार्ज होता म्हणून."

"नक्की?"

"नक्की. मी प्लेटला कुंकू लावलं नव्हतं, अक्का. लावत नाहीच मी. प्लेट ग्राहकाची असते, आयुध आपलं असतं."

हे वाक्य मला शुक्रवारी हवं होतं. उशिरा आलं, पण तिच्या तोंडून आलं. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांना तिचं तमिळ माझ्या तमिळपेक्षा चांगलं कळतं.

"हिला जेवायला बसव," त्या मला म्हणाल्या. "आणि उद्या दोघी मिळून जा. एकटी गेलीस तर तू भांडशील."

"दोघी गेलो तरी भांडेन."

"ते ठाऊक आहे. पण साक्षीला कोणी पाहिजे."

ती जेवली. लोणचं आमचंच वाढलं, तरी तिने स्वतःच्या पिशवीतली बाटली काढलीच. ओढणीतला टोनर बराचसा निघाला. एका टोकाला राखाडी छाया राहिली. ब्लीच लावलं नाही. त्याने रंग गेला असता आणि छाया तशीच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच ओढणी घेऊन निघाले. टेक्निशियन वेलचेरीच्या स्टेशनबाहेर शेअर ऑटोपाशी उभी होती. फाटकावर वॉचमनने तिचा पास बघून मान हलवली. वरून फोन आला होता, म्हणाला. "ही आज माझी पाहुणी आहे," मी म्हणाले. "पाहुण्यांचं रजिस्टर आण." त्याने आणलं, तिने सही केली, आम्ही आत गेलो.

ग्राहकाचा इंजिनिअर दहाच्या आधीच आला. सरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला होता. 'हाताळताना मळ' ही ओळ त्यात होती आणि माझ्या सहीची जागा रिकामी होती. सरांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "तुमची पहिली प्लेट आमच्या चुकीने नापास झाली. तीन नंबरची मी शनिवारी तुम्हाला न विचारता मुद्दाम घालवली, ते का तेही दाखवते. पॉझिटिव्हनंतर या लॅबने प्लेट पुसली नव्हती. कोणाच्या हाताचा काही संबंध नाही. पाच मिनिटं द्या." मी काळ्या झाडाचा फोटो त्याच्यासमोर धरला. त्याने फोन हातात घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "आमच्या कारखान्यातही कोणी पुसत नाही." मग सरांकडे वळला. "हे आम्हाला लिहून द्याल?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. ते म्हणाले, "देऊ." मग रिपोर्टवरची ती ओळ त्यांनी स्वतः पेनने खोडली आणि बाहेर जाऊन एजन्सीला फोन लावला. काचेतून त्यांचा हात हलताना दिसत होता. आवाज येत नव्हता.

मी थांबले नाही. शुक्रवारी गेलेली एक नंबरची प्लेट कपाटातून काढली, स्टँडवर ठेवली, सासऱ्यांच्या वेष्टीचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून पिळला आणि टेक्निशियनच्या हातात दिला.

"पूस," मी म्हणाले.

तिने आधी अर्थिंगची काठी घेतली, दांड्याला लावली, तिथेच अडकवून ठेवली. मग पुसायला लागली, मधून कडेकडे, एकही कोपरा न सोडता. गुणगुणत होती. मी तिला थांबवलं नाही. प्लेट वाळली, तिने काठी काढली, आम्ही पिंजऱ्याबाहेर आलो, मी दार लावलं आणि निगेटिव्हचं बटण दाबलं.